ओठावरचा बिब्बा

पोह्यांच्या ताटल्यांना अजून कोणी हात लावला नव्हता, तोच दर्यापूरहून आलेल्या पाहुण्यांमधली मुलाची मावशी उठली आणि आचलच्या पुढ्यात येऊन बसली. तिने आपल्या रुमालाचं टोक जिभेने ओलं केलं, डाव्या हाताने आचलची हनुवटी वर उचलली आणि भर बैठकीत, सगळ्यांच्या देखत, त्या वीस वर्षांच्या पोरीचे ओठ पुसायला सुरुवात केली... आधी हलक्या हाताने, मग जोर लावून. सकाळी हर्षाने लेकीच्या ओठांना स्वतः लावलेली गुलाबी लाली रुमालावर उतरली आणि तिच्या खालून ते ठिपके वर आले. काळपट निळे, तिळाएवढे, वरच्या ओठावर, खालच्या ओठावर, जांभळं खाऊन तोंड न धुतलेल्या लेकरासारखे!

मावशीने रुमाल उलटसुलट करून पाहिला.

"हे तं निघून नाई राहिलं," ती म्हणाली आणि हसून मुलाच्या आईकडे वळली. "पोट्टी खर्रा खाते का काय वं?"

बैठकीत हशा पिकला. मुलगाही हसला. त्याचे स्वतःचे दात तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्याने रंगलेले होते, तरी हसला. आचल मान खाली घालून तशीच बसून राहिली आणि हर्षाने हातातला चहाचा ट्रे स्वयंपाकघराच्या दारातच खाली ठेवला.

तेवढ्यात तिची सासू पार्वताबाई बोलली. यंदा तुरीला शेंगा किती लागल्या हे सांगावं, तशा साध्या आवाजात.

"आमच्या घरात कोणाले असं नाई बाप्पा. हे तिच्या मायच्या घरून आलं. आमी काय करणार, सून आणतानी कोण ओठ उलटून पायते?"

हर्षाने नवऱ्याकडे पाहिलं. किशोर मोबाइलवर काहीतरी वाचत होता. वाचत नव्हता, हे तिला माहीत होतं. पाहुणे उठले. ओला, गुलाबी डाग पडलेला तो रुमाल मावशीने पोह्यांच्या ताटलीतच टाकला आणि चपला घातल्या.

हे सासूचे बोल हर्षाला नवे नव्हते. आचल दोन वर्षांची असताना तिच्या ओठावर पहिला ठिपका आला. हर्षाला वाटलं, काहीतरी लागलं असेल. तिने दुधाच्या सायीने पुसून पाहिला, तेलाने पुसून पाहिला. पार्वताबाईने नातीला उजेडात नेलं, तिचा ओठ अंगठ्याने ताणून पाहिला आणि छातीवर हात ठेवून ती उंबऱ्यावरच मटकन बसली. त्या दिवशी ती जेवली नाही. हर्षाला वाटलं, म्हातारीला किळस आली... आणि आठवड्याभरात सगळ्या भावकीत झालं की किशोरच्या बायकोने माहेरून खोट आणली.

मूर्तिजापूरजवळच्या त्या गावात मग हर्षाचं जगणं एका वाक्यावर येऊन थांबलं. महालक्ष्म्यांच्या सणाला आंबील तिने शिजवायची, पुरण तिने वाटायचं, सोळा भाज्या तिने निवडायच्या, आणि नैवेद्य झाल्यावर सवाष्ण म्हणून पाटावर बसायला मात्र गल्लीतली दुसरी बाई बोलवायची. अकोल्याला दिलेली नणंद प्रणाली सणाला आली की आपल्या लेकाला, पियुषला, आचलच्या ताटातलं खाऊ देत नसे. लागट असतं म्हणे!

पण हर्षाच्या काळजात रुतून बसलं होतं ते वेगळंच. तिची माय चांदूर बाजारकडची, साधी, भोळी बाई. हे सगळं कानावर गेल्यावर ती एक दिवस एसटीने आली, ओसरीवर उभी राहिली आणि वयाने आपल्यापेक्षा लहान असलेल्या विहिणीपुढे तिने हात जोडले. तिच्या माहेरी, सासरी, कुठेच कोणाच्या ओठावर ठिपका नव्हता. तरी ती म्हणाली, "असन बाई आमच्याच घरचं. माह्या लेकीले पदरात घ्या." पार्वताबाईने तिला पाणीसुद्धा विचारलं नाही. त्यानंतर माय लेकीच्या घरी कधी आली नाही आणि ती मेली तेव्हा पार्वताबाई म्हणाली, "गेली, पण डाग ठेवून गेली."

किती गिळायचं माणसाने! हर्षा गिळत राहिली. तिचं सगळं लक्ष आचलकडे होतं. पोरीला लहानपणापासून पोटात कळा येत. अचानक यायच्या, ती पोट धरून जमिनीवर गोळा व्हायची आणि थोड्या वेळाने उठून बसायची. रंग पिवळट पडत चालला होता. गावातला डॉक्टर जंताचं औषध द्यायचा आणि पार्वताबाई म्हणायची, कामाचं नाव काढलं की हिच्या पोटात दुखते. एवढ्या वर्षांत कोणालाच, अगदी हर्षालाही, सुचलं नाही की ओठावरचे ठिपके आणि पोटातल्या कळा यांचा एकमेकांशी काही संबंध असेल.

पाहुणे परत गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी हर्षा विहिरीवरून धुणं घेऊन परतली आणि अंगणातच थबकली.

उन्हात पोतं अंथरलं होतं. आचल मांडी घालून बसली होती, तोंड वर, डोळे मिटलेले. तिच्यासमोर पार्वताबाई, पेटती चिमणी आणि दाभणाला टोचलेला बिब्बा. पायात काटा मोडला, भेगा पडल्या, तर वऱ्हाडात बिब्बा गरम करून लावतात. त्याचं काळं तेल कातडीला लागलं की कातडी जळते, फोड येतो, खपली पडते. पण तो पायाला लावायचा असतो. ओठाला कोणी लावलेला हर्षाने पाहिला नव्हता.

"लावू दे आई," आचल डोळे न उघडता म्हणाली. "जळू दे. कालच्यापेक्षा तं कमीच दुखन."

हर्षा सासूच्या हाताकडे पाहत राहिली. हाच हात चहा पिताना बशीत अर्धा चहा सांडायचा, सुईत दोरा ओवायला नातीला बोलवायचा. आता तो कसा स्थिर होता! पार्वताबाईने नागवेलीच्या पानाला बरोबर ठिपक्याएवढं भोक पाडलं होतं, ते पान आचलच्या ओठावर ठेवलं होतं आणि भोवतीने खोबरेल तेलाचं बोट फिरवलं होतं. म्हणजे बिब्ब्याचं तेल भोकातूनच लागेल, बाजूला पसरणार नाही. हे शहाणपण पहिल्याच खेपेला कोणाला सुचत नाही. एखादा ओठ नासवल्यावरच सुचतं...

"हालू नको," पार्वताबाई पुटपुटली. "या खेपेले पसरू देत नाई मी."

पहिला थेंब पडला. आचल कण्हली. हर्षाने हातातली बादली टाकली आणि सासूचं मनगट धरलं. लग्न झाल्यापासून तिने सासूच्या अंगाला असा हात लावला नव्हता.

"मागच्या खेपेले कोणाले लावलं होतं, आई?"

चिमणीची ज्योत उन्हात दिसत नव्हती, नुसता धूर दिसत होता.

हर्षाच्या डोळ्यांपुढे नवऱ्याचं तोंड आलं. किशोरच्या वरच्या ओठावर नाकापर्यंत पसरलेला पांढरट, ताणलेला व्रण होता. लहानपणी गरम काकवीच्या कढईवर तोंडावर पडला, असं सगळे सांगत. तोही तसंच सांगायचा. त्याला तसंच सांगितलं होतं.

"आचलच्या बाबायले ना?"

म्हातारीने मनगट सोडवून घेतलं नाही. तिचा आवाज आला तो अंगणातून नव्हे, कुठल्यातरी खोल जागेतून आल्यासारखा आला.

"माह्या मालकाच्या ओठावर असेच होते," ती म्हणाली. "पोट धरून धरून मेला तो. ऐन जवानीत मेला. त्याचा बापबी तसाच गेला होता. मंग किशोरच्या ओठावर आले तवा मले त्याचं मरण दिसलं. म्या ते जाळलं. डाग जाळला म्हणजे मरण जाळलं. पाय, जगला का नाई तो?"

"मंग माह्या मायचं नाव काहून घेतलं?"

"आमच्या घरचं म्हटलं असतं तं ते वापस किशोरकडं आलं असतं. नाव घेतलं की येते ते. कुठंतरी धाडा लागते. म्या तुह्या मायच्या घरी धाडलं."

हे ती इतक्या सरळपणे बोलली की हर्षाला रागावायलाही जागा सापडेना. एका विधवेने आपलं पोर वाचवायला मरण दुसऱ्याच्या दारात नेऊन टाकलं होतं, आणि ते दार होतं हात जोडून उभ्या राहिलेल्या तिच्या मायचं! आचलने डोळे उघडले होते. तिने सगळं ऐकलं होतं. तिच्या खालच्या ओठावर फोड टरारून वर येत होता.

त्याच आठवड्यात आचलच्या पोटात कळ आली ती थांबलीच नाही. हिरवी उलटी झाली, पोट दगडासारखं घट्ट झालं. अमरावतीच्या दवाखान्यात नेईपर्यंत पोरीने मायचा हात सोडला नाही, आणि ऑपरेशनच्या दारातून आत नेलं तेव्हा तो हात एका नर्सने बोट बोट करून सोडवला.

ऑपरेशन करणारी डॉक्टरीण तरुण होती. बाहेर आल्यावर तिने आधी सांगितलं की मुलगी वाचली. आतड्यात गाठी होत्या. त्यातल्या एका गाठीने आतडं ओढून घेतलं होतं, पायमोजा काढताना उलटा होऊन स्वतःतच शिरावा तसं. तेवढा तुकडा काळा पडला होता, कापावा लागला. मग तिने विचारलं, ओठ कोणी भाजला? पार्वताबाईने पदर पुढे ओढला. तेव्हा डॉक्टरिणीने हर्षा, किशोर आणि पार्वताबाई, या तिघांना आपल्या खोलीत बसवून समजावून सांगितलं. कुण्या दोन परदेशी डॉक्टरांच्या नावाचा हा आजार. फार क्वचित दिसणारा. लहानपणी ओठांवर, गालाच्या आतून असे ठिपके येतात, आणि आत आतड्यात गाठी वाढत असतात. ओठांवरचे ठिपके वयाने पुसट होतात, गाठी मात्र जात नाहीत. वेळोवेळी आत नळी घालून पाहत राहिलं आणि गाठी काढत राहिलं तर माणूस जगतो. नाहीतर आतडं अडकतं, नाहीतर पुढे गाठ बिघडून कॅन्सर होतो. आई किंवा बाप, यांच्यापैकी एकाकडून बहुधा येतो.

"तुमच्यापैकी कोणाकडे आहे?" तिने विचारलं.

"हिच्याकडे," पार्वताबाई म्हणाली. सवयीने म्हणाली. इतक्या वर्षांत जीभ दुसरीकडे वळायलाच विसरली होती.

हर्षाने आपण होऊन तोंड उघडलं. डॉक्टरिणीने ओठ पाहिले, बॅटरी लावून गाल आतून पाहिले आणि मान हलवली. इथे काहीच नाही. मग ती किशोरकडे वळली. त्याने ओठावर हात ठेवला, म्हणाला, माझं तर लहानपणी भाजलेलं आहे. डॉक्टरिणीने त्याचा हात बाजूला केला आणि गालाच्या आत उजेड टाकला. ती बराच वेळ पाहत राहिली. मग तिने भिंतीवरचा आरसा काढून त्याच्या हातात दिला.

किशोरने पाहिलं. आत, ओल्या लाल कातडीवर, बिब्बा पोचू शकला नव्हता तिथे, ते सगळे होते.

"माय," तो हळूच म्हणाला, "मी काकवीवर कवा पडलो होतो?"

पार्वताबाईच्या तोंडून त्या दिवशी सगळं पुन्हा एकदा निघालं. किशोरने ऐकून घेतलं आणि आरसा टेबलावर पालथा ठेवला. पुढच्या दिवसांत त्याचीही तपासणी झाली. मूळव्याध समजून तो वर्षानुवर्षं जे रक्त लपवत होता ते गाठींचं होतं. काही काढल्या, काही पुढे काढायच्या होत्या. अजून बिघडलेली एकही नव्हती. आईशी तो एक शब्द बोलला नाही. तिने आणलेला डबा तो शेजारच्या पेशंटच्या माणसांना देऊन टाकायचा.

हर्षाला वाटलं, आता तरी हा माणूस आपल्याकडे पाहील. अठरा वर्षांचा हिशेब नको, नुसतं एकदा म्हणेल की तुझ्या मायचं काही चुकलं नव्हतं... तिची तेवढीच भूक होती!

एका दुपारी वॉर्डाबाहेरच्या बाकावर किशोरने तिला जवळ बोलावलं. पार्वताबाई पलीकडे भिंतीला टेकून खाली बसलेली होती. तो हलक्या आवाजात बोलला, पण दवाखान्याच्या मोकळ्या बोळात सगळं ऐकू जात होतं. डॉक्टरिणीने प्रणालीला आणि पियुषला तपासून घ्या म्हणून सांगितलं होतं. त्याने प्रणालीला फोन केला होता. पियुषच्या ओठावर दोन ठिपके आहेतच, पोटही दुखतं मधून मधून. पण ती ऐकायला तयार नाही. म्हणते, ते वहिनीच्या घरचं, आमचा काय संबंध?

"मंग तुमी सांगितलं नाई का, कोणाच्या घरचं ते?" हर्षाने विचारलं.

किशोरने नजर चुकवली.

"नाई सांगितलं. तिचे सासरचे लोक तुले माहीत आहेत. उद्या तिचा संसार मोडन. आचलचंबी लग्न व्हाचं आहे, सोयरिकीत बापाच्या घराची चौकशी पयले होते. लोकायले आजपर्यंत जे माहीत आहे तेच राहू दे. तुले आता सवय आहे. तुह्या मायले तं काई फरक पडत नाई, ती गेली."

हर्षा त्याच्या ओठाकडे पाहत राहिली. बिब्ब्याने सासूने जाळला होता तो ओठ, आणि बोलत होता नेमकं तिचंच.

"माह्यावर राहू द्या," ती शेवटी म्हणाली. "मी उचलीन. पण पियुष मरन ना. माह्यावर नाव ठेवून तो कसा वाचन, ते सांगा."

उत्तर भिंतीजवळून आलं. पार्वताबाई गुडघ्यावर हात देत उठली होती.

"मी सांगीन," ती म्हणाली. "माहं नाई ऐकलं तं कोणाचंच ऐकणार नाई प्रणाली."

"माय, तू गप बैस," किशोर म्हणाला.

"गपच बसली होती मी," म्हातारी म्हणाली, आणि पदर डोक्यावर घेऊन चालू लागली.

तिला एकटीला अकोल्याची गाडी कळणार नव्हती. आचलजवळ किशोरला बसवून हर्षा सोबत गेली. गाडीत दोघी समोरासमोर बसल्या. मूर्तिजापूर आलं, गेलं.

प्रणालीच्या सासरी पंखा सुरू होता, टीव्ही सुरू होता. दहा वर्षांचा पियुष नुकताच शाळेतून आलेला. प्रणालीच्या सासूने या बसा म्हटलं, पण पार्वताबाई बसली नाही. तिने टीव्ही बंद करायला लावला आणि उभ्यानेच सांगितलं. मालकाचं सांगितलं, सासऱ्याचं सांगितलं, किशोरचा ओठ कसा जाळला ते सांगितलं.

"हर्षाच्या माहेरचं काईच नाई त्यात. ते म्या रचलं. प्रणाली, तुह्या खालच्या ओठाच्या आत एक आहे. लहानपणी पाहून ठेवला होता म्या. बोटानं उलटून पाय."

प्रणाली कपाटाच्या आरशासमोर गेली. तिने ओठ उलटला. आरशातच तिचा चेहरा विझला.

प्रणालीची सासू उभी राहिली. ती ओरडली नाही, त्यापेक्षा ते वाईट होतं. ती म्हणाली, "म्हणजे सडकं बी देलं तुमी आमाले. वरून पत्रिका जुळवली. माहा एकुलता एक नातू नासवला तुमच्या पोरीनं." मग सुनेकडे वळून तिने पियुषच्या हातातला पाण्याचा गिलास काढून घेतला आणि वेगळा ठेवला.

हर्षाने हे स्वप्नात कितीदा तरी पाहिलं होतं... भर घरात सगळं उघडं पडलेलं, आपल्या मायचं नाव धुऊन निघालेलं, आणि ज्या नणंदेने आचलचं ताट लागट ठरवलं तिने मान खाली घातलेली. आता ते समोर घडत होतं, आणि ती त्या वेगळ्या ठेवलेल्या गिलासाकडे पाहत होती. कसला आनंद! आपल्या खांद्यावरचं ओझं उतरलं ते सरळ दुसरीच्या खांद्यावर गेलं होतं, आणि पुढे काय काय होणार ते तिला पाठ होतं.

"पोरगं नासलं नाई," ती म्हणाली. "माही पोरगी मरता मरता वाचली. हा वेळेवर गेला तं त्याले चिरासुद्धा लागणार नाई. आज चला, इथल्याच दवाखान्यात."

"तुमी मधात बोलू नका," प्रणालीची सासू म्हणाली. "पोरगं कुठं जाणार नाई. सगळ्या कॉलनीत बोभाटा करता काय?"

प्रणाली आरशापासून हलली. तिने सासूकडे पाहिलं, आईकडे पाहिलं नाही. पियुषच्या पायात चपला सरकवल्या, त्याचा दंड धरला आणि ती दाराकडे निघाली.

"या दारातून गेली तं विचार करून जा," मागून आवाज आला.

प्रणाली क्षणभर थांबली. मग गेली.

ती पियुषला घेऊन ऑटो पाहायला पुढे गेली आणि पार्वताबाई फाटकापर्यंत येऊन थांबली. ती तिथेच पायरीवर बसली. दोन्ही पोरांची घरं तिने मोडली होती, प्रणालीचं आज बोलून आणि किशोरचं इतकी वर्षं न बोलून. कडेच्या घरांतल्या बायका खिडकीत आल्या होत्या.

"हर्षे," ती म्हणाली, "किशोर बोलत नाई, प्रणालीनं पाह्यलं नाई. तू तरी एखादी शिवी दे मले. तुह्या मायच्या नावानं दे."

हर्षा तिच्यासमोर उभी राहिली. अठरा वर्षांचं सगळं ओठांवर आलं होतं, एकेक शब्द निवडून ठेवलेला होता. समोरची म्हातारी मान खाली घालून वाट पाहत होती, जशी हर्षाची माय ओसरीवर उभी होती तशी.

"देईन," हर्षा म्हणाली. "माह्या मायच्या वाटची बी देईन न् माह्या वाटची बी. माफ केलं असं समजू नका. घरी गेल्यावर रोज एक देईन, तुमी मरेपर्यंत पुरतीन इतक्या आहेत. आता उठा. दवाखाना बंद होईन."

पार्वताबाईला उठवेना. हर्षाने पदर कमरेला खोचला, तिच्या काखेत हात घातला आणि तिला ओढून उभं केलं. पुढे प्रणाली ऑटोत बसून रडत होती, पियुष तिला काय झालं म्हणून विचारत होता. हर्षाने म्हातारीला आत बसवलं, पोराला आपल्या मांडीवर घेतलं आणि ऑटोवाल्याला म्हणाली, "चाल भाऊ, लवकर."